सगळ्यांना काढा

५ नोव्हेंबर

प्रिय शिट्टी,

पाकीट बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. फोन करत नाही त्याचं कारण एवढंच की फोन वाजला की बाळ दचकतं, दचकलं की रडतं, आणि ते रडायला लागलं की मी काय बोलत होते तेच मला आठवत नाही. म्हणून रिसीव्हर बाजूला काढून ठेवलाय. तसंही अग्निशमन केंद्रात दिवसभर तू लोकांचा आरडाओरडा ऐकतेस, घरी आल्यावर आणखी माझा कशाला?

तर तुझी भाची घरी आली. दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतून एकदाची सुटका झाली तिची. अजून इतकी हलकी आहे की छापखान्यातले जाडजूड शब्दकोश उचलायची सवय असलेली मी तिला उचलते तेव्हा हात आपोआप जास्तच वर जातात. डॉक्टरीणबाई खूश आहेत. डिसेंबरच्या शेवटी प्रवासाला हरकत नाही म्हणाल्या. मी लगेच म्हटलं, मग तिला माझ्या वडिलांना दाखवायला नेते. त्यांनी विचारलं, त्या घरात कुणाला सर्दी-खोकला नाही ना? यावर मी खिडकीबाहेर बघत बसले.

शिट्टी, रागावू नकोस, पण तुमचं घर म्हणजे शिंकांचा कारखाना आहे. दर हिवाळ्यात जुळ्या शाळेतून सर्दी आणतात, आपल्या बापाला देतात, माझा भाऊ गादीमहाराज ती आबांना देतो, आबा तुला देतात आणि तू पुन्हा जुळ्यांना. खिडक्यांच्या फटींना कागद चिकटवलेले, हीटर चालू, हीटरसमोर खुर्ची, खुर्चीत आबा. एकच हवा सगळे मिळून वापरता. या वर्षी घरात एक जरी शिंक असली तरी मला बाळाला आणता येणार नाही. आणि आबा इकडे येणार नाहीत, हे तुला वेगळं सांगायला नको. पोस्टमनच्या नोकरीतून निवृत्त झाले त्याच दिवशी बूट कुणाला तरी देऊन टाकले, आयुष्यभर चाललो, आता जग माझ्याकडे येईल म्हणाले, आणि तेव्हापासून उंबरा ओलांडला नाही. बाळ पेटीत होतं तेव्हाही नाही. तो विषय मी आज काढत नाही.

तेव्हा सगळी भिस्त तुझ्यावर. डॉक्टरांनी सांगितलेली लस मोठ्यांनी टोचून घ्या, ते आहेच. बाकी आपलं साधंसुधं, वेळेवर झोप, साबणाने हात, ताटात भाज्या आणि फळं. आणि माझा एक नियम, तो मात्र मोडायचा नाही. सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, गरम असतानाच सगळ्यांना काढा. आबांना पूर्ण, जुळ्यांना अर्धा. तोंडं वाकडी करतील, रडतील, पळतील, अजिबात दयामाया दाखवू नकोस. बाकी सगळं सोबतच्या कागदावर सविस्तर लिहिलंय.

बाळाने नाक आबांचं घेतलंय. ते मला त्यांना दाखवायचंय, बाकी काही नाही.

तुझी,
ताई

११ नोव्हेंबर

ती. ताई, नमस्कार.

घाईत लिहितेय. समोर एका कार्यालयाची अख्खी इमारत सरावासाठी रिकामी करायची आहे आणि शिडीवरचा माणूस मी शिट्टी कधी वाजवते याची वाट बघत लटकलाय.

नियम दुसऱ्याच दिवसापासून सुरू केला. सोबतचा कागद पाकिटात नव्हता, बहुतेक तुमच्या टेबलावरच राहिला. पण काही अडलं नाही. इतकी वर्षं मी पगार कशाचा घेतेय? काढायचं कसं ते मला कागदावर वाचावं लागत असेल तर ही शिट्टी साहेबांना परत केलेली बरी.

पहिल्या दिवशी आबांना काढताना माझा घाम निघाला. दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उभे. या वयात मला काढता, असं म्हणाले. मी म्हटलं, ताईंचा हुकूम आहे. तुमचं नाव काढल्यावर हात जरा सैल पडले, तेवढ्यात साधलं. जुळ्यांना तुम्ही म्हणालात तसा अर्धाच, पण एकीचा अर्धा दुसरीपेक्षा मोठा झाला म्हणून दोघींनी गळा काढला. तुमचे भाऊ सगळ्यात अवघड. दिवसभर गाद्या शिवणारा माणूस, त्याला गादीतून सोडवणं म्हणजे माझी सगळी नोकरी एकीकडे आणि हे एकीकडे. शेवटी अर्धवट झोपेतच काढलं त्यांना. शेजारच्या शिवणबाई हा तमाशा खिडकीतून बघत होत्या आणि खोकत होत्या.

अजून तरी एकही शिंक नाही. लस सगळ्यांनी घेतली, आबांना घरी येऊन टोचली. शिडीवरचा माणूस आता माझ्याकडे फार वाईट नजरेने बघतोय.

तुमची,
शिट्टी

१७ नोव्हेंबर

प्रिय शिट्टी,

शाबास. तुझं पत्र मी बाळाला मोठ्याने वाचून दाखवलं आणि ते हसलं. डॉक्टरीणबाई म्हणतात एवढ्यात हसत नाहीत मुलं, पोटातला गॅस असतो. असू दे, माझ्या लेकीचा गॅससुद्धा हसरा आहे.

तो कागद खरंच इथेच सापडला, दुपट्यांच्या ढिगाखाली. आता नाही पाठवत, तुला सगळं येतंच म्हणतेस. फक्त दोन-तीन गोष्टी सांगते. थोडा गोडवा असू दे, म्हणजे कुरकुर कमी होते. फारच कडक वाटला तर सरळ निम्म्यावर आण. आणि आबा पुन्हा चौकटीपर्यंत पळाले तर एक हमखास युक्ती आहे, त्यांचं नाक चिमटीत धर. एका दमात होऊन जातं. आई माझं असंच धरायची आणि मी एवढीशी कटकट करत नसे.

शिवणबाई खोकतात म्हणतेस, एकट्याच राहतात बिचाऱ्या, मग त्यांनाही काढा. भिंतीपलीकडचा खोकला भिंतीपलीकडेच राहील असं थोडंच आहे?

रोज रात्री बाळाला आंघोळ घालताना मी मनात म्हणते, आज तिकडे शिंक नाही. इतकं वाटतंय ग मला तिला तिथे आणावंसं. आबांनी तिला हातात घेतलेलं एकदा बघितलं की मनातली सगळी अढी जाईल माझ्या. बघ, शेवटी विषय काढलाच मी.

तुझी,
ताई

२८ नोव्हेंबर

ती. ताई, नमस्कार.

आज सुट्टी आहे, जुळ्या झोपल्यात, तुमचे भाऊ दुकानात आहेत आणि आबा कुठे आहेत ते मला माहीत नाही. हे वाक्य नीट वाचा. आबा कुठे आहेत ते मला माहीत नाही. आमच्या घरात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं.

पहिल्यापासून सांगते. तुम्ही लिहिलंत उठल्या उठल्या, गरम असतानाच सगळ्यांना काढा. मी म्हटलं वा, काय बाई आहे. अंथरुणातली ऊब अंगात आहे तोवर बाहेर पडायचं, म्हणजे थंडी एकदम बाधत नाही. आमच्या नियमावलीतसुद्धा एवढा विचार केलेला नाही. तुम्ही मला नेहमी अगं-तुगं करता आणि इथे मात्र एकदम 'काढा', तेव्हा हा सगळ्या घराला काढलेला हुकूम आहे हेही मी ओळखलं. मोठा रस्ता, पाण्याची टाकी, बाग आणि परत, हा झाला पूर्ण फेरा. टाकीपासून परत फिरलं की अर्धा. आबांना पूर्ण का आणि जुळ्यांना अर्धा का, हे मला पटलं नव्हतं, पण हुकूम म्हणजे हुकूम. शिट्टी वाजवायची, स्वेटर चढवायचे, निघायचं. आबांकडे बूट नव्हते. तुमच्या भावाचे घातले आणि पुढे दुकानातला कापूस भरला. पावलागणिक बुटातून कापूस उडत होता, मागून बघणाऱ्याला वाटावं म्हाताऱ्याची शिवणच उसवलीय.

पहिला आठवडा त्यांनी मला जे जे ऐकवलं ते मी लिहीत नाही. मग तुमचं नाकाचं पत्र आलं. ताई, भर रस्त्यात सासऱ्यांचं नाक चिमटीत धरून चालणारी सून या वस्तीने कधी बघितली नव्हती. शिवाय थोडा गोडवा असू दे म्हणालात, म्हणून मी एका हाताने नाक धरून गोड आवाजात सारखी म्हणत होते, आबा, किती छान चालता हो तुम्ही. त्याने ते जास्तच भडकले. पण तुमचं खरं ठरलं, एका दमात झालं. नाक सोडवून घ्यायला ते इतक्या भराभर चालले की बाग कधी आली कळलंच नाही. एक दिवस थंडी फारच कडक होती, तेव्हा तुमच्या सांगण्याप्रमाणे सरळ निम्म्यावर आणलं. शिवणबाईंनाही काढलं. पहिल्या दिवशी त्या आतून म्हणाल्या, माझं काय चुकलं?

आणि मग ती पेटी. टाकीजवळची टपालपेटी तिथून हलवून पलीकडच्या फुटपाथवर लावलीय, हे आबांना माहीतच नव्हतं. पेटी होती त्या जागी ते उभे राहिले ते हलेचनात. मला न विचारता हलवली, एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी शिट्टी वाजवायच्या आधी आबा दारात उभे. म्हणाले, आणखी काय काय हलवलंय ते बघून येतो. आता ते पूर्णाच्याही पुढे जातात. लोक ओळखतात त्यांना. परवा एका आजींनी गॅलरीतून विचारलं, माझं काही आहे का हो? आबांनी खिसे चाचपून बघितले. काल स्वतः जाऊन बूट घेऊन आले.

आम्ही बाहेर असतो तेवढा वेळ खिडक्या सताड उघड्या. फटींचे कागद मी ओरबाडून काढले. परत आल्यावर रांगेने साबणाने हात धुणं, त्यावर माझी देखरेख. चालून आल्यावर भूक अशी लागते की भाजी कोणती आहे ते कुणी विचारत नाही, आणि रात्री नवाच्या आत घर ढाराढूर. तुमचे भाऊ म्हणतात, झोप हेच खरं औषध आहे हे मी लग्नापासून सांगतोय, पण मला आळशी म्हटलं गेलं. शिंक? नावाला नाही. जुळ्यांच्या वर्गातली अर्धी बाकं रिकामी आहेत आणि आमच्या दोघी टुणटुणीत.

फक्त एक विचारू का, ताई? एवढं सगळं जमलं, पण ते नाक कशासाठी धरायचं?

तुमची,
शिट्टी

४ डिसेंबर

शिट्टी, अगं शिट्टी,

हसून हसून मी खुर्चीतून खाली घसरले. बाळाला वाटलं मी रडतेय, म्हणून ते रडायला लागलं. त्याला उगी करायला घेतलं तर तुझं ते 'किती छान चालता हो' आठवलं आणि पुन्हा सुरू. शेवटी वरच्या मजल्यावरचे लोक विचारायला खाली आले.

अगं बाई माझे, काढा म्हणजे काढा! आलं, मिरी, दालचिनी, लवंग पातेल्यात उकळतात, अर्ध्यावर आटवतात, गाळतात आणि पेल्यातून पितात, तो काढा. गरम असताना म्हणजे काढा गरम असताना. आबा गरम असताना नव्हे. पूर्ण म्हणजे पूर्ण पेला. गोडवा म्हणजे मध. कडक झाला तर निम्मा पाजायचा. नाक धरायचं कारण वास आला नाही की घशाखाली उतरतो. आमच्या छापखान्यात कुणी शिंकलं की लगेच पातेलं चढतं, आणि तू जन्मभर लोकांना इमारतींतून बाहेर काढलेली बाई. 'सगळ्यांना काढा' वाचून दुसऱ्या कुणाच्या डोक्यात पातेलं आलं असतं. तुझ्या डोक्यात जिना आला.

आणि चूक माझीच आहे. 'सगळ्यांना काढा दे' असं लिहायचं होतं. माझं 'दे' राहिलं. दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरते मी, गेली कित्येक वर्षं एक काना निसटू दिला नाही, आणि इथे अख्खा शब्द खाल्ला. बरं, एकदा नव्हे. शिवणबाईंच्या वाक्यातही तोच. बाळ झाल्यापासून झोप नाही हे कारण छापखान्यात चाललं नसतं. तूही कारण मानू नकोस.

पण खबरदार, बंद केलंस तर. हसणं संपल्यावर मी तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि मग मात्र खरंच रडले. आबा कुठे आहेत ते मला माहीत नाही. शिट्टी, बाळ त्या पेटीत असताना मी रोज दवाखान्याच्या दाराकडे बघत बसायचे. सगळे येऊन गेले. मला वाटायचं, आज येतील. आबा एकदा काचेपलीकडे उभे राहिले असते तरी पुरलं असतं मला. ते आले नाहीत याचा राग मी इतके दिवस उराशी धरून आहे, आणि तिकडे ते एका टपालपेटीसाठी बाहेर पडले. पेटीसाठी तर पेटीसाठी. पडले ना.

तो कागद आता सोबत आहे, मी दोनदा उघडून बघितलाय. हवा तर पाज त्यांना काढा, घशाला बरं वाटतं. त्याने सर्दी होतच नाही असं काही नाही, आणि ताप चढला तर पातेल्याच्या नादी न लागता डॉक्टर गाठायचा. बाळाला अर्थात यातलं काहीही नाही, मध तर वर्षाच्या आत बोटभरसुद्धा नाही. तिला मी पुरे.

बाळाच्या बापाने सव्वीस तारखेची तिकिटं काढली. सव्वीसला आम्ही येतोय.

तुझी,
ताई

२१ डिसेंबर

ती. ताई, नमस्कार.

हे पत्र लिहायला मी सकाळपासून टाळाटाळ करतेय. शाईवर पाणी पडलंय ते नाकाचं आहे, डोळ्यांचं नाही. थोडं डोळ्यांचंही असेल.

मीच पडले, ताई. ज्या बाईने सगळ्यांना काढलं तीच. गेल्या आठवड्यात एका शाळेत इमारत रिकामी करायचा सराव होता. तीनही मजल्यांवरची पोरं खोकत खोकत माझ्या अंगावरून खाली उतरली. परवा घसा, काल नाक, आज सगळंच. तुमच्या भावाने काल रात्री झोपेत शिंक दिली आणि स्वतःच दचकून जागे झाले. जुळ्या आज सकाळपासून नाक पुसतायत, तेही माझ्या गणवेशाला. डॉक्टरांनी बघितलं, साधी सर्दी आहे म्हणाले, चार दिवस पडून राहा, गरम पाणी प्या. तुमचा काढा केला. प्यायले. नाक बंद असल्यामुळे धरावं लागलं नाही. खरं सांगू का, मी लावलेला अर्थ चवीला जास्त चांगला होता.

तेव्हा सव्वीसला येऊ नका. बाळाला या घरात आणू नका. तिकिटं परत करा. मला इतकं वाईट वाटतंय की शिंकतानाही लाज वाटते. दीड महिना घर सांभाळलं आणि शेवटच्या आठवड्यात मीच दार उघडून सर्दीला आत घेतलं.

आबांना काही झालेलं नाही. परवा माझा घसा धरला तसं त्यांचं अंथरूण मी दुकानाच्या मागच्या खोलीत हलवलं, जेवणही तिकडेच. शिवणबाई देतात. आजवर घरात पहिली शिंक कुणाचीही असो, दुसरी त्यांची असायची. या वेळी नाही. एवढं एकच बरं झालं.

एक गोष्ट तुम्हाला सांगू नको म्हणाले होते. मी सांगतेय, कारण सर्दीने माझं डोकं ठिकाणावर नाही असं नंतर म्हणता येईल. अंथरूण हलवताना मी त्यांना तुमच्या रागाबद्दल बोलले. दवाखान्यात का नाही गेलात, असं सरळ विचारलं. बराच वेळ उशीचा अभ्रा नीट करत बसले. मग म्हणाले, मी इतकी वर्षं तारा वाटल्या. तार हातात घेऊन मी दारात दिसलो की बायका तोंडावर हात ठेवायच्या, मी काही बोलायच्या आत. बाळ पेटीत होतं, आणि मी जर तिच्या दारात जाऊन उभा राहिलो असतो तर ती तसाच हात ठेवेल असं वाटलं. म्हणून नाही गेलो. एवढं बोलून मला म्हणाले, तू जा, तुझं नाक गळतंय.

त्यांना अजून सांगितलेलं नाही की तुम्ही येत नाही. पण घरात शिंका ऐकतायत, त्यांना कळलं असणारच. काल बागेतून येताना बाळासाठी काही घेतलं वाटतं, पिशवीत लपवून ठेवलंय.

पाकीट बंद करते. आबा बाहेर निघालेतच, खिडकीतून त्यांच्याच हातात देते पेटीत टाकायला.

तुमची,
शिट्टी

३१ डिसेंबर

प्रिय शिट्टी,

एकवीसच्या संध्याकाळी रिसीव्हर जागेवर ठेवून तुम्हाला फोन केला खरा, पण तिकडून तुझ्या शिंका आणि इकडून माझं रडणं, दोघींना एकमेकींचं काही कळलं नसेल. आबा इथे आहेत, सुखरूप आहेत, एवढं पोचलं असेल तरी पुरे. आता नीट सांगते.

अंधार पडायला आला होता. घंटी वाजली. मी बाळाला मांडीवरून पाळण्यात ठेवून दार उघडलं. पायरीच्या खाली आबा. पायात नवे बूट, खांद्यावर आडवी पिशवी, पाठ ताठ. माझा हात तोंडावर गेला, शिट्टी. त्यांनी तो बघितला. पटकन पाकीट पुढे केलं आणि म्हणाले, "पत्र आहे. साधंच आहे, सही लागत नाही."

तू पेटीत टाकायला दिलेलं पत्र. बसस्थानकापर्यंत चालत गेले, बस पकडली आणि टपाल घेऊन आले. त्यात काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पाकिटावर माझं नाव होतं, त्यांनी ते माझ्या हातात दिलं. मग पिशवीतून लोकरीची एवढीशी टोपी काढली आणि ती कठड्यावर ठेवली, आधी धुऊन घे म्हणाले.

मी आत या म्हटलं तर चार पावलं मागे गेले. ज्या घरातून आलोय तिथे शिंका आहेत, म्हणाले. आठवडाभर जाऊ दे, काही झालं नाही तर बघू. तोवर मी बाहेरच बरा. कोपऱ्यावरच्या विश्रामगृहात येतानाच खोली घेऊन आले होते. मी विनवण्या केल्या, थंडीची भीती घातली, रागावले. ऐकतील तर आबा कसले. एवढी वर्षं ज्यांना घराबाहेर काढता येत नव्हतं, त्यांना मला घरात घेता येईना.

मग रोज, टपाल वाटायची त्यांची वेळ असायची त्याच वेळेला, अंगणात बुटांचा आवाज. मी बाळाला घेऊन खिडकीशी जायचे. ते बाहेर, आम्ही आत, मध्ये काच. ते काचेला नाक टेकवायचे. नाकाला नाक शोभतंय ग, हुबेहूब. बाळ टक लावून बघायचं. त्यांनी काचेवर एकदा टकटक केलं, हळू, दारावर करायचे तसं, आणि ते हसलं. आबांनी खुणेने विचारलं, गॅस? मी मान हलवली, नाही. दवाखान्यात मला जो माणूस काचेपलीकडे हवा होता तो आता काचेपलीकडे होता, जरा उशिरा, पण रोज. टपाल कधी उशिरा येतं, त्याला काय करणार.

काल डॉक्टरीणबाईंना विचारलं. आबांना ना शिंक, ना खोकला, ना ताप. या आत, म्हणाल्या. आबांनी बूट बाहेर काढले. कोपरापर्यंत हात धुतले, साबण लावून, तू शिकवलंयस तसे, आणि धुताना तोंडाने बारीक शिट्टी वाजवत होते. तोंडाला स्वच्छ रुमाल बांधला. खुर्चीत सरळ बसले. बाळ माझ्या हातात, आणि ऐनवेळी माझेच पाय जागचे हलेनात. केवढा राग धरून ठेवला होता मी, तो कुठे ठेवायचा ते सुचेना.

शिट्टी, हा माणूस जन्मभर लोकांच्या दारात उभा राहून एकच शब्द बोलला. घ्या. कुणाकडे काही मागितलं नाही, माझ्याकडेही नाही. त्याने दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाला,

"दे."

माझा राहिलेला शब्द.

तुझी,
ताई

ता. क. सगळे बरे झालात की या. येताना शिट्टी आण. आबा परत जायचं नावच काढत नाहीत. सकाळी उठल्या उठल्या बाळाच्या बापाला फिरायला बाहेर काढतात, नाक धरून. त्यांना इथून कसं काढायचं ते कळव, आणि शब्द नीट तपासून लिही.